पाहणीच्या दिवशी बंद ठेवलेलं कांडप

आमच्या थोरल्यांच्या, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या धंद्याची पाहणी करायला सरकारी साहेब येणार होते, तेव्हा सगळ्यात जास्त अक्कल मी चालवली. तेच नडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी उगाच सरकारवर दातओठ खायला नकोत. साहेबांनी काही वाकडं केलं नव्हतं. केलं ते मी.

आम्ही पिंपरी पेंढारच्या बाजूचे. घरासमोर रस्ता, रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये थोरल्यांचं मसाला कांडप. लोखंडी उखळात दोन जड मुसळं मोटारीवर वरखाली आपटत राहतात, त्या मशीनला आमच्याकडे डंका म्हणतात. माघ सरला की बायका वर्षाचा मसाला करायला घेतात. मिरची वाळवायची, देठं खुडायची, खडा मसाला भाजायचा आणि सगळं डब्यात भरून थोरल्यांकडे आणायचं. रांगेत बाई उभी राहत नाही, डबा उभा राहतो. बायका आपल्या शेडसमोरच्या कडुलिंबाखाली बसून गावाची खबरबात घेतात आणि डबा पुढं सरकला की पदर खोचून उठतात. डब्यावरून भांडण झालेलं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही, आणि आमच्या गावात भांडणं काही कमी होत नाहीत.

थोरले भावजी अचानक गेले तेव्हा थोरल्या चाळिशीच्या होत्या. एकुलती एक मुलगी लग्न करून लोणीला दिलेली. वर्षभर ही बाई चुलीपुढं नुसती बसून असायची. बोलायची नाही की रडायची नाही. मग एका सोमवारी माझ्या नवऱ्याबरोबर बेल्ह्याच्या बाजाराला गेली. जायचं होतं शेळी आणायला. संध्याकाळी टेम्पोतून उतरली ती डंका घेऊन. बाजारात कुणाचा तरी पडून होता, तो भाड्यानं ठरवून आणला होता. माझा नवरा डोक्याला हात लावून म्हणाला, "वहिनी, अवो ही शेळी दूध कधी देणार?"

"देईल की. धीर धरा भाऊजी," एवढंच म्हणाल्या, आणि भावजी गेल्यानंतर पहिल्यांदा हसल्या.

त्या दिवसापासून डंका चालू झाला तो चालूच. पाच-सहा गावांच्या बायका आमच्याकडे यायच्या. थोरल्यांचा हात असा की मिरचीचा वास घेऊन सांगायच्या, "ही अजून एक ऊन मागती, उद्या आण." गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई मी दुसरी बघितली नाही. माझ्यासारखीनं घेतलं असतं मुकाट कांडून.

तर दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात डंक्याच्या मालकाचा निरोप आला. त्याला गिऱ्हाईक लागलं होतं. पाडव्याला येऊन डंका घेऊन जाणार. त्यात त्याचंही काही चुकलं नव्हतं, वस्तू त्याची. पण थोरल्यांचं काय? डंका गेला की त्यांना पुन्हा दुसऱ्याच्या वावरात कांदा काढायला जावं लागणार होतं. वय पंचावन्न, गुडघे गेलेले, आणि डॉक्टरनं उकिडवं बसायचं नाही असं दोनदा बजावलेलं. आम्ही पोसू हो, घरात चार भाकरी जास्त झाल्या तर काय बिघडतं. पण इतकी वर्षं स्वतःच्या कष्टाचं खाल्लेल्या बाईला, "बसा आता, आम्ही आहोत," असं म्हणायला जीभ रेटत नाही. निरोप ऐकून त्या म्हणाल्या, "जाऊ दे, त्याचा हाय, त्यो घिऊन जाईल." आणि त्या रात्री भाकरी न खाता झोपल्या.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागला होता. छोट्या प्रक्रिया उद्योगांना मशीनसाठी बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारचं अनुदान. मी हायस्कुलात कारकून. कागद म्हटला की मला चेव येतो. मी म्हटलं, "बाई, आपण नवाकोरा डंका आणायचा. तुमच्या नावावर."

"माझ्या नावावर?" त्यांनी असं विचारलं की जणू मी त्यांना विमान घेऊन देते आहे.

मग धावपळ. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मशीनचं कोटेशन, उद्योगाची ऑनलाइन नोंदणी. सगळ्यात जास्त गंमत झाली फोटोची. पासपोर्ट फोटो हवा होता. थोरल्या म्हणाल्या, "हाय की लग्नातला." त्यात भावजी होते, करवल्या होत्या, कुणाचं तरी नाक पुसायचं राहिलेलं पोर होतं. आयुष्यात या बाईचा एकटीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. आधार कार्डावर होता, पण त्यात त्या चोरासारख्या दिसत होत्या. नारायणगावला स्टुडिओत नेलं. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा हसा." थोरल्या मला म्हणाल्या, "तू हितं माझ्या शेजारी हुबी राहा." मी म्हटलं, "अहो एकटीचा हवाय." तर म्हणे, "आगं नुसती हुबी राहा, फोटूत येऊ नको." मी कॅमेऱ्याच्या बाहेर, पण त्यांचा हात धरून उभी राहिले. त्या फोटोत त्यांचा उजवा खांदा जरा खाली उतरलेला आहे, तो त्यामुळे. माझा फार जीव आहे हो या बाईवर. हे मध्येच सांगते, कारण पुढं मी जे केलं ते वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

फाइल पुढं सरकली. बँकेनं मान डोलावली. आता फक्त साहेब जागेवर येऊन धंदा बघणार, तसा अहवाल लिहिणार आणि मग मंजुरी. फोन आला, "गुरुवारी अकरा वाजता पाहणीला येतो." झालं. माझ्या अंगात वारं शिरलं.

साहेब म्हणजे पाहुणा, आणि पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे घराचं काय होतं ते कुणीही येऊन बघावं. बुधवारी मी रजा टाकली. शेड धुतली. पत्र्यावर वर्षानुवर्षं बसलेली तांबडी भुकटी घासून घासून काढली, शिंकून शिंकून माझं नाक लाल झालं. भुईला सारवण घातलं. भिंतीला चुना दिला. चाळण्या, सुपं, पाट्या, पोती सगळं उचलून गोठ्यामागं ठेवलं. डंका तेलाच्या फडक्यानं पुसला, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि वरून माझ्या लग्नातली चादर टाकली. घातलेली माळ चादरीखाली गेली हे नंतर लक्षात आलं, तर पुन्हा वर काढली.

आणि कहर म्हणजे गुरुवारी आलेल्या बायकांना मी रस्त्यावरूनच परत पाठवलं. नऊ-दहा जणी असतील. एक तर पार राजुरीहून डबा घेऊन आली होती. मी म्हटलं, "आज साहेब येणारेत, आज डंका बंद." का? तर साहेबांना ठसका लागू नये. पांढऱ्या शर्टावर मिरची उडू नये. थोरल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आगं, पण त्ये डंकाच बघाया येत्यात ना?"

"बाई, तुम्हाला कळत नाही. सरकारी माणसं स्वच्छता बघतात," मी म्हटलं.

"तू म्हणशीन तसं," त्या म्हणाल्या आणि बाजरीचं पीठ मळायला गेल्या.

साहेब आले. पस्तिशीचे असतील, मोटरसायकलवर, शर्ट पांढराच होता. माझा अंदाज बरोबर आला म्हणून मला काय आनंद! त्यांनी शेडमध्ये डोकावून पाहिलं. चुन्याचा वास, सारवलेली भुई, रांगोळी आणि मधोमध माळ घातलेलं एक झाकलेलं काहीतरी. म्हणाले, "चालू करून दाखवता का?"

"आता कशाला साहेब? लई ठसका उठतो. आधी जेवून घ्या."

ते नको नको म्हणत होते. पण आमच्याकडे नको म्हणणं म्हणजे दोनदा आग्रह करा असं सांगणं. मासवडी केली होती, रस्सा, बाजरीची भाकरी, भात, शेवयांची खीर. मासवडी थोरल्यांच्या हातची. साहेबांनी तीन वेळा घेतली. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "व्यवसाय कसा काय चालतो?"

आता इथं बघा. आमच्याकडे पाहुण्यासमोर आपल्या गोष्टीची फुशारकी मारत नाहीत. नवीन घर बांधलं तर म्हणायचं, झालं आपलं कसंतरी. पोरगी पहिली आली तर म्हणायचं, काय नाय, ढकललीय पुढं. आपण आपलं कमी सांगायचं आणि पाहुण्यानं, "नाही हो, चांगलंच आहे की," म्हणायचं, अशी ती रीत. मी तोंडभरून हसले आणि म्हटलं, "अहो, कसला व्यवसाय साहेब! भावजी गेल्यापासून थोरल्यांचा आपला वेळ जातो. आम्हीच म्हणतो, करा, तेवढंच मन रमतं."

साहेबांनी, "नाही हो, चांगलंच आहे की," असं काही म्हटलं नाही. त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्या तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. "बरोबर आहे का ताई?"

थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय. वेळ जातोय." आणि साहेबांच्या भातावर तूप वाढलं.

पंधरा दिवसांनी कागद आला. पाहणीवेळी युनिट बंद आढळले, सबब प्रस्ताव परत. पाडवा महिन्यावर आलेला. थोरल्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि मला परत दिला. म्हणाल्या, "असू दे. तू लई पळालीस माझ्यासाठी." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझा संताप विचारू नका. तीन वेळा मासवडी खाल्ली आणि हे? दुसऱ्याच दिवशी एसटीनं तालुक्याला गेले. ऑफिसात शिरले ते बोलतच शिरले. खाल्ल्या मिठाला जागणं असतं की नाही, गरीब विधवा बाईच्या पोटावर पाय देताना काही वाटत नाही का, अख्खं ऑफिस ऐकेल असं बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढं केला आणि फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली.

"वाचा तुम्हीच," म्हणाले. "मी जे पाहिलं आणि ऐकलं तेच लिहिलंय."

वाचलं. मशीन झाकलेले. जागेवर कच्चा माल नाही, तयार माल नाही, ग्राहक नाही. आणि खाली लिहिलं होतं, अर्जदाराच्या जाऊ, ज्या स्वतः नोकरदार आहेत, यांच्या म्हणण्यानुसार हा व्यवसाय नसून वेळ घालवण्याचे साधन आहे. अर्जदारांनीही त्यास दुजोरा दिला.

माझ्या हातातला ग्लास खाली ठेवायला जागा सापडेना. तुम्हाला सांगते, ते एवढं बोचलं त्याला कारण होतं. 'ज्या स्वतः नोकरदार आहेत.' माझी शाळा सात वर्षं विनाअनुदानित होती. सात वर्षं मी रोज डबा घेऊन, केसाला गजरा माळून शाळेत जायचे आणि महिन्याच्या शेवटी मोकळ्या हातानं घरी यायचे. आज ना उद्या अनुदान येईल, मग पगार चालू होईल, या एका आशेवर. माझ्या एसटीचं भाडं थोरल्या द्यायच्या. पोरांची फी थोरल्या भरायच्या. धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात पिशवी उघडली ती थोरल्यांनी, आणि त्या नोटांना मिरचीचा वास येत होता. सात वर्षं वेळ घालवत होते ती मी. आणि घर चालवत होती ती बाई, जिचा मी वेळ जातो म्हणून सांगितलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या फाइलमध्ये माझंच वाक्य टाइप होऊन समोर येईपर्यंत ते मी कधी स्वतःशी बोललेही नव्हते. लाज वाटली. इतकी लाज मला लग्नात सासूनं चहाला नावं ठेवली तेव्हाही वाटली नव्हती.

"साहेब, मी खोटं बोलले," मी म्हटलं.

"का?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहुणे होता."

साहेब हसले नाहीत. फाइल मिटत म्हणाले, "माझी आईपण अशीच सांगते. फेरपाहणीचा अर्ज द्या. मी पुन्हा येईन. पण कधी ते सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही पुन्हा सारवून ठेवाल."

अर्ज तिथंच लिहून देऊन घरी आले, पण थोरल्यांना खरं सांगायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी ओट्यावर देठं खुडत बसलो होतो. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. अहवालात काय होतं, मी काय बोलले होते. त्या खुडत होत्या तशाच खुडत राहिल्या.

"मला ठावं हाय," म्हणाल्या. "मी हितंच हुबी व्हते ना."

"मग तुम्ही का नाही बोललात? सांगायचं ना साहेबांना, की असं नाही!"

"तू बोलली व्हतीस. पावण्याम्होरं तुला खोटी पाडू व्हय?"

डंका जाणार, कर्ज जाणार, पुन्हा कांद्याच्या वावरात बसायची पाळी येणार, हे सगळं त्यांना तुपाची वाटी हातात धरून उभं असताना कळलं होतं. आणि तरी त्या व्हय म्हणाल्या होत्या. माझ्यासाठी. मला रडूच फुटलं.

"बाई, वाईट वाटलं का हो तुम्हाला?"

"वाटलं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लई वाटलं. त्यो साहेब परका माणूस. तू तर घरातली हाईस, तुला समदं ठावं हाय." मग माझ्या मांडीवर एक देठ फेकून म्हणाल्या, "आता रडती कशाला? खुड ती मिरची. आन् पुना साहेब आला की त्वांड बंद ठेव, एवढी किरपा कर."

पाडव्याला आठ दिवस उरले होते. सकाळची शाळा झाली होती म्हणून मी अकरालाच घरी आले होते आणि शेडमध्ये चाळायला बसले होते. लिंबाखाली ही गर्दी. पंचवीस तरी डबे रांगेत होते. डंक्याचा आवाज असा की शेजारी बसलेल्याचं ऐकू येऊ नये. थोरल्यांनी नाकातोंडाला पदर गुंडाळला होता, फक्त डोळे दिसत होते, आणि भुवया तांबड्या झाल्या होत्या. एवढ्यात दारात कुणीतरी हेल्मेट घातलेला माणूस उभा राहिला.

"ओ पावणं, डबा कुठंय तुमचा?" थोरल्या ओरडल्या.

तो काहीतरी बोलला, ऐकू आलं नाही.

"डबा रांगेत लावा म्हनलं! असं मधी घुसायचं न्हाई. ह्या बाया काय खुळ्या हायेत का सकाळधरनं बसायला? आज व्हनारबी न्हाई तुमचं, उद्या सकाळी या!"

त्यानं हेल्मेट काढलं आणि जो शिंकायला लागला तो थांबेचना. सात-आठ शिंका एका दमात. लिंबाखालच्या बायका हसायला लागल्या. मी ओळखलं आणि चाळण हातातच राहिली. साहेब! अंगावर तोच पांढरा शर्ट. माझ्या तोंडात आलं होतं, या या, बसा, पाणी आणते. पण मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, मी ठेवलं.

थोरल्यांनीही ओळखलं. क्षणभर त्यांचा हात बटणाकडे गेला, मग मागं आला. डंका त्यांनी चालूच ठेवला. पदर तोंडावरून खाली ओढला आणि आवाज चढवून म्हणाल्या, "साहेब, बसा तिथं पोत्यावर. ह्यो घाणा निघू द्या, मग बोलू."

साहेब पोत्यावर बसले. रुमाल नाकाला लावून एकेक डबा, एकेक पोतं बघत राहिले, बायकांना विचारत राहिले, कुठून आलात, किती वर्षं येता. बायका काय, विचारायची खोटी! एकीनं तर साहेबांना मसाल्याचं प्रमाणच सांगायला घेतलं. घाणा निघाल्यावर थोरल्यांनी बटण बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं.

साहेबांनी फाइल काढली. "ताई, आज मी जे बघतोय ते लिहितो. पण मागचा जबाब फाइलीत आहे, तो मला फाडून टाकता येत नाही. ज्यांनी तो दिला त्यांना नवा द्यावा लागेल. लेखी." आणि त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर धरला.

मी थोरल्यांकडे बघितलं. बोलायचं नव्हतं, पण लिहायला त्यांनी बंदी केली नव्हती. मी हात पदराला पुसले, उलट्या सुपावर कागद ठेवला आणि लिहायला बसले. शाळेत मी दिवसाला दहा अर्ज खरडते, माझा हात कधी अडत नाही. त्या दिवशी चार ओळींना मला इतका वेळ लागला की लिंबाखालची एक म्हातारी म्हणाली, "काय गं, रामायण लिवती का?"

पुढचं सगळं रीतसर झालं. मंजुरी आली. पाडव्याला जुना डंका टेम्पोत चढला आणि नवा यायला वैशाख उजाडला. मधला सगळा महिना गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, त्यातलं थोडं अजून परत आलेलं नाही. तेवढं नुकसान माझ्या तोंडामुळं झालं, ते मी कबूल करते. कर्जाच्या कागदावर थोरल्यांनी सही केली, एकटीनं, कुणाचा हात न धरता.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. माझं लिहून झालं तेव्हा साहेबांनी कागद घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात थोरल्या म्हणाल्या, "थांबा साहेब. माझ्याबद्दल लिवलंय, मला कळू दे की काय लिवलंय त्ये." त्यांना वाचता येतं, चौथी झाल्यात त्या. पण हात कोपरापर्यंत मिरचीनं भरलेले. "तू वाच, धाकटे. मोठ्यानं वाच."

पंचवीस बायका समोर. मी उभी राहिले आणि वाचलं.

"मी मागील वेळी दिलेला जबाब चुकीचा होता. माझ्या मोठ्या जाऊ गेली चौदा वर्षे मसाला कांडपाचा व्यवसाय करत आहेत. मला नोकरीत सात वर्षे पगार नव्हता, त्या काळात माझ्या मुलांचे शिक्षण, दवाखाना आणि माझे जाण्यायेण्याचे भाडे त्यांच्या या व्यवसायातून झाले. हा त्यांचा वेळ घालवण्याचा उद्योग नाही. आमचे घर यावर उभे आहे."

थोरल्या डंक्याला टेकून उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. मला वाटलं, चिडल्या. घरातलं असं चारचौघांत मांडलं म्हणून आता मला झापणार. मी कागद साहेबांना द्यायला निघाले.

"थांब," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी भावजी गेले तेव्हाही इतका बारीक ऐकला नव्हता. "शेवटची ओळ येकदा परत वाच."

मी परत वाचलं.